स्कॉटलंडमधील सामाजिक विषमतेचा अभ्यास कसा करावा

सुमारे पंचावन्न लाख लोकसंख्येचा स्कॉटलंड आपल्या समाजातील विषमतेची मोजदाद फार बारकाईने करतो. एखाद्या वस्तीतील मुले शाळेत किती नियमित जातात, तिथली माणसे साधारण किती वर्षे जगतात, डॉक्टरांच्या दवाखान्यापर्यंत पोचायला किती वेळ लागतो, ही माहिती सरकारी संकेतस्थळांवर कोणालाही पाहता येते. समाजशास्त्र, समाजकार्य किंवा पत्रकारिता शिकणाऱ्या मराठी विद्यार्थ्याला ही सोय मोठी वाटेल आणि ती आहेही. मात्र नकाशावरचा रंग पाहून तिथे राहणाऱ्या माणसाविषयी निष्कर्ष काढण्याची घाईही याच सोयीमुळे होते. म्हणून या मार्गदर्शनाचा सारा भर एका आग्रहावर आहे: सुरुवात नकाशापासून करावी, पण आकड्यामागे कोणता निर्णय होता आणि तो बदलण्याचा अधिकार आज कोणाकडे आहे, हे शोधल्याशिवाय काम पूर्ण झाले असे मानू नये.

आधी सीमा आखून घ्याव्यात

पहिला गोंधळ ब्रिटन आणि स्कॉटलंड यांच्या सरमिसळीतून होतो. १९९८ च्या स्कॉटलंड कायद्यानुसार १९९९ मध्ये एडिंबरा येथे स्कॉटिश संसद सुरू झाली. आरोग्य, शिक्षण, गृहनिर्माण आणि स्थानिक शासन हे विषय तिच्या अखत्यारीत आहेत. किमान वेतन, स्थलांतर आणि कमी उत्पन्नाच्या किंवा बेकार लोकांना मिळणाऱ्या युनिव्हर्सल क्रेडिटसारखे मुख्य भत्ते मात्र लंडनच्या हातात आहेत. प्राप्तिकराचे दर आणि टप्पे ठरवण्याचा अधिकार स्कॉटलंडकडे असल्यामुळे तिथे २०२४-२५ पासून सहा टप्पे लागू झाले आणि सर्वांत वरचा दर ४८ टक्क्यांवर गेला. एखाद्या अन्यायाचे खापर कोणावर फोडायचे, हे या वाटणीवर अवलंबून असल्यामुळे टिपणवहीच्या पहिल्याच पानावर ही वाटणी लिहून ठेवावी.

आकडे घेतानाही हेच भान हवे. इंग्लंड व वेल्सची ताजी जनगणना २०२१ मधील आहे, तर स्कॉटलंडची महासाथीमुळे लांबून २०२२ मध्ये झाली. काही प्रश्नांची आणि पर्यायांची मांडणीही वेगळी आहे, त्यामुळे दोन्हींचे तक्ते शेजारी ठेवून सरळ तुलना करणे धोक्याचे ठरते.

नकाशा वाचण्याची रीत

स्कॉटलंडमध्ये विषमतेची चर्चा सुरू झाली की ‘एसआयएमडी’ हे नाव हमखास येते. हा बहुआयामी वंचिततेचा निर्देशांक आहे. २०२० च्या आवृत्तीत देशाचे ६,९७६ लहान विभाग, म्हणजे डेटा झोन, केलेले आहेत आणि उत्पन्न, रोजगार, शिक्षण, आरोग्य, सेवांपर्यंतची पोच, गुन्हेगारी व घरांची स्थिती या सात अंगांनी त्यांना क्रम दिलेला आहे. पहिला क्रमांक म्हणजे सर्वाधिक वंचित विभाग. पोस्टकोड टाकला की त्या जागेचा क्रम आणि रंग समोर येतो.

इथे तीन खबरदाऱ्या घ्याव्या लागतात आणि त्यांतील पहिली सर्वाधिक दुर्लक्षिली जाते. हा निर्देशांक क्रम सांगतो, प्रमाण सांगत नाही. शंभरावा विभाग दोनशेव्या विभागाच्या दुप्पट गरीब असतो, असा अर्थ त्यातून निघत नाही. शिवाय एखादा विभाग आधीच्या आवृत्तीपेक्षा वर सरकला, तर तिथली स्थिती सुधारली असेल किंवा इतर विभाग अधिक खालावले असतील. केवळ क्रमावरून यांतले काय घडले ते कळत नाही.

दुसरी खबरदारी माणसांबाबतची आहे. उत्पन्नाच्या दृष्टीने वंचित असलेल्या लोकांपैकी बहुसंख्य लोक ‘सर्वाधिक वंचित’ म्हणून रंगवलेल्या विभागांच्या बाहेर राहतात. उलट, त्या विभागांमध्येही बऱ्यापैकी मिळवती कुटुंबे असतात. विभागाचा गुणधर्म व्यक्तीला चिकटवणे ही अशा अभ्यासातली सर्वांत सामान्य चूक आहे आणि तिची किंमत तिथल्या रहिवाशांना मोजावी लागते. पेझ्ली शहरातील फर्ग्युस्ली पार्क २०१२ आणि २०१६ च्या आवृत्त्यांत पहिल्या क्रमांकावर होता. २०२० मध्ये तो क्रमांक ग्रीनॉकच्या मध्यवर्ती भागातील एका विभागाला मिळाला. दोन्ही वेळा वृत्तपत्रांनी त्या जागांची नावे मोठ्या अक्षरांत छापली. नोकरीच्या अर्जावर तो पत्ता लिहिणाऱ्या तरुणाला अशा मथळ्याचा काय उपयोग झाला असेल, याचा विचार आपण लेखणी उचलताना करावा.

तिसरी खबरदारी ग्रामीण भागासाठी आहे. ऑर्कनी, शेटलंड आणि बाह्य हेब्रिडीज या द्वीपसमूहांतील एकही विभाग सर्वाधिक वंचित वीस टक्क्यांत येत नाही. याचा अर्थ तिथे गरिबी नाही असा मुळीच नव्हे. तिथली गरिबी विखुरलेली असते: एका घरात ती असते, शेजारच्या घरात नसते, आणि विभागाच्या सरासरीत ती बुडून जाते. थंडी मोठी, घरे जुनी, मुख्य गॅसवाहिनीचे जाळे बहुतेक बेटांवर पोचलेले नाही आणि मालवाहतुकीचा खर्च जास्त, यामुळे घर उबदार ठेवणे हाच मोठा बोजा होतो. बेटांवर किंवा उत्तरेकडील डोंगराळ हायलँड्समध्ये काम करायचे असेल, तर वंचिततेचा नकाशा बाजूला ठेवून इंधन-दारिद्र्य, घरभाडे, सुट्टीपुरती वापरली जाणारी दुसरी घरे आणि फेरीबोटींची स्थिती यांपासून सुरुवात करावी.

आयुर्मानाचे आकडे

स्कॉटलंडमधील विषमता सर्वांत निष्ठुरपणे दिसते ती आयुष्याच्या लांबीत. सर्वाधिक आणि सर्वांत कमी वंचित भागांतील पुरुषांच्या आयुर्मानात अलीकडच्या वर्षांत सुमारे तेरा वर्षांचे, तर स्त्रियांच्या आयुर्मानात सुमारे दहा वर्षांचे अंतर राहिले आहे. निरोगी अवस्थेत काढलेल्या वर्षांचा हिशेब केला, तर हे अंतर वीस वर्षांच्याही पुढे जाते. अभ्यास करताना हे दोन्ही आकडे घ्यावेत, कारण पन्नाशीच्या आतच प्रकृती ढासळलेला कामगार आणखी वीस वर्षे जगला तरी त्याचे काम, उत्पन्न आणि घरातल्या स्त्रीवर पडणारा शुश्रूषेचा भार यांचा हिशेब पहिल्या आकड्यात येत नाही.

ग्लासगोमध्ये रेल्वेमार्गावरून केलेली मांडणी प्रसिद्ध आहे: पश्चिमेकडील जॉर्डनहिलपासून पूर्वेकडील ब्रिजटनपर्यंत जाताना प्रत्येक स्थानकागणिक पुरुषांचे आयुर्मान सुमारे दोन वर्षांनी घटत असल्याचे तिने दाखवले. त्याहून अधिक गाजलेला दाखला २००८ च्या जागतिक आरोग्य संघटनेच्या अहवालातला आहे. ग्लासगोच्या कॅल्टन भागात जन्मलेला मुलगा जवळच्याच लेन्झी येथील मुलापेक्षा सरासरी २८ वर्षे कमी जगेल, असे त्यात म्हटले होते. हा आकडा आजही बेधडक उद्धृत होतो. वापरण्यापूर्वी तो तपासावा: कॅल्टनची लोकसंख्या लहान होती आणि तिथे बेघर लोकांची वसतिगृहे होती, त्यामुळे अन्यत्र आयुष्य उद्ध्वस्त झालेल्या माणसांचे मृत्यू त्या एका भागाच्या नावावर नोंदले गेले. अंतर खरे आहे, पण ते त्या जागेच्या मातीत उगवलेले नाही.

यापुढचा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. लिव्हरपूल आणि मँचेस्टर ही शहरे ग्लासगोइतकीच वंचित असूनही ग्लासगोत अकाली मृत्यू अधिक होतात, असे २०१० च्या सुमारास संशोधकांनी दाखवले आणि त्याची कारणे शोधणारा सविस्तर अहवाल २०१६ मध्ये आला. आहार, दारू, हवामान, स्वभाव अशी सोपी उत्तरे त्याने पुरेशी मानली नाहीत. दुसऱ्या महायुद्धानंतर शासनाने तरुण, कुशल कामगारांची कुटुंबे ईस्ट किलब्राइड, कम्बरनॉल्ड यांसारख्या नव्या नगरांत हलवली, कारखान्यांची गुंतवणूकही तिकडे वळवली. शहरात वृद्ध, आजारी आणि अकुशल लोक मागे राहिले. त्यांच्यासाठी शहराच्या कडेला ईस्टरहाउस, ड्रमचॅपल, कॅसलमिल्क अशा प्रचंड वसाहती उभ्या राहिल्या, ज्यांत सुरुवातीला दुकाने आणि सोयी फारच तोकड्या होत्या. या वसाहतींना स्थानिक बोलीत ‘स्कीम’ म्हणतात. आजचा आकडा अशा जुन्या निर्णयांपर्यंत मागे नेता आला, तरच अभ्यासात अर्थ उरतो. अमली पदार्थांमुळे होणाऱ्या मृत्यूंबाबतही हेच म्हणता येईल: २०२० मध्ये १,३३९ माणसे अशा प्रकारे दगावली आणि सर्वाधिक वंचित भागांतील मृत्युदर सर्वांत कमी वंचित भागांच्या कैक पटींनी जास्त आहे. यात मोठा वाटा त्या पिढीचा आहे, जी १९८० च्या दशकातील बेकारीत वयात आली.

काम, घर आणि कर

त्या दशकाची ओळख करून घेतल्याशिवाय पुढे जाऊ नये. लिनवुडचा मोटार कारखाना १९८१ मध्ये बंद पडला, मदरवेलचा रेव्हन्सक्रेग पोलाद प्रकल्प १९९२ मध्ये. मधल्या काळात कोळशाच्या खाणी एकामागून एक मिटल्या. एका कारखान्यावर उभ्या असलेल्या गावात तो बंद झाला की पगारासोबत कामगार संघटना, क्लब आणि शिकाऊ उमेदवारीची वाटही जाते. गावाचा अभ्यास करताना शेवटचा मोठा कारखाना कोणत्या वर्षी बंद झाला, हा प्रश्न आधी विचारावा आणि मग आजचे आकडे पाहावेत.

घरांच्या बाबतीत १९८० चा कायदा निर्णायक ठरला. कौन्सिलच्या, म्हणजे स्थानिक शासनसंस्थेच्या, भाडेकरूंना राहते घर सवलतीत विकत घेण्याचा हक्क मिळाला आणि स्कॉटलंडमध्ये सुमारे पाच लाख घरे अशी विकली गेली. अनेक कामगार कुटुंबांना त्याचा खरा लाभ झाला, हे मान्य करायला हवे. पण चांगली घरे आधी विकली गेली, उरलेली घरे अधिक गरजूंच्या वाट्याला आली आणि कौन्सिलच्या घरात राहणे हीच गरिबीची खूण बनली. स्कॉटलंडने हा हक्क २०१६ मध्ये बंद केला. मे २०२४ मध्ये तिथल्या सरकारने देशात गृहनिर्माणाची आणीबाणी असल्याचे जाहीर केले.

कराच्या अभ्यासासाठी कौन्सिल टॅक्स, म्हणजे घरांवरचा स्थानिक कर, घ्यावा, कारण विषमता कागदोपत्री कशी जपली जाते हे त्यातून स्वच्छ दिसते. हा कर आजही घराच्या १९९१ मधील किमतीवर आकारला जातो. त्या वेळी २७,००० पौंडांपर्यंतचे घर सर्वांत खालच्या श्रेणीत आणि २,१२,००० पौंडांहून महाग घर सर्वांत वरच्या श्रेणीत टाकले गेले. या दोन किमतींत जवळजवळ आठ पटींचा फरक आहे, पण करात चारपटही नाही. फेरमूल्यांकनाची शिफारस अनेकदा झाली आणि प्रत्येक वेळी ती पुढे ढकलली गेली. ज्यांचा कर वाढेल ते संघटित आणि बोलके असतात, हे त्याचे कारण असावे असे मला वाटते.

जमीन

जमिनीचा प्रश्न शहरी अभ्यासक वगळतात आणि तिथेच त्यांची मांडणी अपुरी राहते. खासगी मालकीच्या ग्रामीण जमिनीपैकी निम्मी जमीन पाचशेहूनही कमी मालकांकडे आहे. यामागे अठराव्या-एकोणिसाव्या शतकांतील हायलँड क्लिअरन्सेसचा इतिहास आहे. त्या काळात मेंढ्यांच्या कुरणांसाठी कुळांना पिढीजात जमिनीवरून हुसकावले गेले. समुद्रकाठच्या लहान तुकड्यांवर तग धरून राहिलेल्या क्रॉफ्टर कुळांना १८८६ च्या कायद्याने वहिवाटीचे संरक्षण मिळाले. सरंजामी जमीनधारा मात्र रीतसर संपली ती २००४ मध्ये.

मालकी शोधण्यासाठी जमीन नोंदणी खात्याचे दफ्तर पाहावे. १६१७ पासूनची दस्तनोंदणी तिथे आहे, पण सगळी जमीन अजून नव्या नकाशाधारित नोंदवहीत आलेली नाही. कंपन्या आणि न्यासांच्या आड खरा मालक कोण, हे कळावे म्हणून २०२२ मध्ये वेगळी नोंदवही सुरू झाली आहे. दुसऱ्या बाजूने, लोकांनी जमीन मिळवल्याची उदाहरणेही तितक्याच काळजीने नोंदवावीत. ॲसिंटच्या क्रॉफ्टरांनी १९९३ मध्ये आणि आयग बेटाच्या रहिवाशांनी १९९७ मध्ये वर्गणी आणि देणग्या जमवून आपली जमीन विकत घेतली आणि २००३ च्या कायद्याने स्थानिक समुदायांना खरेदीचा अग्रहक्क दिला. मालकी बदलल्यावर घरे, वीज आणि लोकसंख्या यांत काय बदल झाला, हा प्रबंधासाठी उत्तम विषय आहे.

शाळेतली दरी

स्कॉटिश विद्यार्थ्यांना पहिली पदवी घेण्यासाठी स्कॉटलंडमध्ये शिक्षणशुल्क द्यावे लागत नाही. एवढ्यावरून उच्च शिक्षण सर्वांना सारखेच खुले आहे असे समजू नये, कारण राहण्याचा खर्च, शाळेत मिळणारे विषय आणि घरातील वातावरण यांनी वाट आधीच अरुंद झालेली असते. म्हणूनच २०३० पर्यंत विद्यापीठप्रवेशांपैकी वीस टक्के प्रवेश सर्वाधिक वंचित वीस टक्के भागांतील विद्यार्थ्यांचे असावेत, असे उद्दिष्ट ठेवलेले आहे.

या दरीचे यंत्र उघडे करून दाखवणारी घटना ऑगस्ट २०२० मध्ये घडली. महासाथीमुळे परीक्षा रद्द झाल्या होत्या आणि शिक्षकांनी आपल्या विद्यार्थ्यांच्या श्रेणींचा अंदाज दिला होता. परीक्षा मंडळाने तो अंदाज शाळेच्या मागील वर्षांच्या निकालांशी जुळवून बदलला. परिणामी विद्यापीठप्रवेशासाठी महत्त्वाच्या असलेल्या ‘हायर’ या शालेय परीक्षेतील उत्तीर्णांचे प्रमाण सर्वाधिक वंचित भागांत शिक्षकांच्या अंदाजापेक्षा १५.२ टक्केबिंदूंनी खाली आले, तर सर्वांत कमी वंचित भागांत ६.९ टक्केबिंदूंनी. हुशार मुलीची श्रेणी तिच्या आधी त्या शाळेत शिकून गेलेल्या मुलांच्या निकालामुळे घसरली. विद्यार्थी रस्त्यावर उतरले आणि एका आठवड्यात शासनाने निर्णय मागे घेतला. या प्रकरणात कोणाचाही हेतू दुष्ट नव्हता, असे धरून चालावे. तरीही नियमाने जुनी विषमता नव्या मुलांच्या माथी मारली. अभ्यासकाने अशी यंत्रणा शोधावी, कारण गुणांतील दरीचे वर्णन करणे त्या मानाने सोपे असते.

धर्म, वंश आणि भटके समाज

एकोणिसाव्या शतकात आयर्लंडमधून आलेल्या कॅथलिक मजुरांविषयीचा आकस पश्चिम स्कॉटलंडमध्ये दीर्घकाळ टिकला. १९२३ मध्ये चर्च ऑफ स्कॉटलंड या तिथल्या मुख्य प्रोटेस्टंट चर्चपुढे त्यांच्याविरुद्ध उघड वंशवादी अहवाल मांडला गेला आणि त्याबद्दल चर्चने पुढे जाहीर खेद व्यक्त केला. १९१८ च्या कायद्याने कॅथलिक शाळा सरकारी व्यवस्थेत आल्या आणि त्या शाळांतून एक शिक्षित मध्यमवर्ग उभा राहिला. आज ग्लासगोतील सेल्टिक (परंपरेने कॅथलिकांचा) आणि रेंजर्स (परंपरेने प्रोटेस्टंटांचा) या संघांच्या फुटबॉल सामन्यांत ऐकू येणारे द्वेषाचे सूर आणि नोकरीत प्रत्यक्ष होणारा भेदभाव या वेगळ्या गोष्टी समजून त्यांचे पुरावे वेगवेगळे गोळा करावेत. पहिली गोष्ट अजून जिवंत आहे, दुसरी तरुण पिढीत पुष्कळ ओसरली आहे. २०२२ च्या जनगणनेत ५१.१ टक्के लोकांनी कोणताही धर्म नसल्याचे सांगितले, त्यामुळे श्रद्धेपेक्षा घराण्याची ओळख आणि आडनाव या तणावात अधिक काम करतात. भारतातील धार्मिक तणावाची चौकट जशीच्या तशी इथे लावू नये.

वर्णभेदाच्या संदर्भात ‘स्कॉटलंड इंग्लंडपेक्षा उदार आहे’ हे वाक्य वारंवार ऐकू येईल. त्याला आधारही आहे: १३ मे २०२१ रोजी ग्लासगोच्या केनम्युअर स्ट्रीटवर भारतीय वंशाच्या दोघांना स्थलांतर खात्याने ताब्यात घेतले, तेव्हा शेकडो शेजाऱ्यांनी गाडी अडवून धरली आणि शेवटी त्यांची सुटका झाली. पण एका दिवसाच्या एकजुटीवरून घरभाडे, भरती आणि बढती यांतील वागणुकीचे अनुमान करता येत नाही. त्यासाठी वेगळी माहिती मिळवावी लागते. जिप्सी आणि ट्रॅव्हलर समाज तर बहुतेक सर्वेक्षणांत इतका लहान असतो की तो तक्त्यांतून दिसेनासाच होतो. विसाव्या शतकात या कुटुंबांना निकृष्ट झोपड्यांत डांबून त्यांची भटकी जीवनपद्धती मोडण्याचे प्रयोग झाले आणि त्याबद्दल स्कॉटिश शासनाने जून २०२५ मध्ये माफी मागितली. अशा समाजासाठी आकड्यांपेक्षा मौखिक साक्षींवर भिस्त ठेवावी.

स्त्रियांच्या वेतनाचा प्रश्नही वर्गाशी गुंफलेला आहे. ग्लासगोमध्ये ऑक्टोबर २०१८ मध्ये सुमारे आठ हजार स्त्रियांनी संप केला. वृद्धांची घरी जाऊन शुश्रूषा करणाऱ्या, सफाई आणि स्वयंपाक करणाऱ्या या स्त्रिया होत्या. कामांचे मोल ठरवणाऱ्या पद्धतीने पुरुषांची गर्दी असलेल्या नोकऱ्यांना झुकते माप दिले होते. सुमारे ५० कोटी पौंडांची तडजोड पुढच्या वर्षी झाली.

धोरण तपासताना

धोरण किती यशस्वी झाले, हे सांगण्यापूर्वी त्याचे माप समजून घ्यावे. बालदारिद्र्याच्या बाबतीत २०१७ च्या कायद्याने ठरवलेले मुख्य माप असे: भाड्यासारखा निवासाचा खर्च वजा जाता ज्या कुटुंबाचे उत्पन्न मध्यक उत्पन्नाच्या (सर्व उत्पन्ने क्रमाने लावल्यावर मधोमध येणाऱ्या उत्पन्नाच्या) ६० टक्क्यांहून कमी आहे, त्यातील मूल सापेक्ष दारिद्र्यात आहे. २०३०-३१ पर्यंत हे प्रमाण दहा टक्क्यांखाली आणायचे आहे. २०२३-२४ साठी ठेवलेले १८ टक्क्यांचे मधले उद्दिष्ट गाठता आले नाही; प्रत्यक्ष आकडा २२ टक्के होता. याच काळात पात्र कुटुंबांना दर मुलामागे साप्ताहिक भत्ता देण्याची योजना सुरू झाली. फेब्रुवारी २०२१ मध्ये तो सहा वर्षांखालील मुलांसाठी १० पौंड होता, नोव्हेंबर २०२२ पासून सोळा वर्षांखालील मुलांसाठी २५ पौंड झाला आणि नंतर आणखी वाढला. उद्दिष्ट हुकले म्हणून भत्ता निरुपयोगी ठरवू नये. भत्ता नसता तर प्रमाण किती असते, ही तुलना करावी आणि भाडे, वेतन व लंडनच्या भत्त्यांतील कपात यांचा परिणाम वेगळा काढावा.

लोकांशी बोलताना आणि लिहिताना

मुलाखतींसाठी वस्तीत जायचे असेल, तर आधी तिथल्या समुदाय केंद्राशी, भाडेकरू संघटनेशी किंवा अन्नपेढीच्या स्वयंसेवकांशी संपर्क साधावा आणि आपण कोण, माहिती कशासाठी हवी, ती कुठे छापली जाईल, हे स्पष्ट सांगावे. ‘तुम्ही वंचित आहात का’ असे विचारणे अपमानकारक तर आहेच, पण निष्फळही आहे. बस किती वाजता बंद होते, हिवाळ्यात कोणत्या खोलीत हीटर लावता, मूल आजारी पडले तर कामावरून सुट्टी मिळते का, असे प्रश्न विचारावेत; त्यांची उत्तरे माणसे मोकळेपणाने देतात आणि त्यांतून घरातले अर्थकारण उलगडते. ‘स्कीम’ हा शब्द रहिवाशाच्या तोंडी आपुलकीचा असतो, बाहेरच्याच्या तोंडी तो हिणवणारा ठरू शकतो, म्हणून आपल्या लेखनात वसाहतीचे नावच वापरावे. लहान वस्तीत वय, व्यवसाय आणि मुलांची संख्या एवढ्यावरूनही माणूस ओळखू येतो. नाव बदलले म्हणजे गोपनीयता राखली, असे समजू नये.

मसुदा तयार झाल्यावर ज्यांच्याविषयी लिहिले त्यांना तो वाचायला द्यावा आणि त्यांनी दाखवलेली दुरुस्ती सल्लागार प्राध्यापकाच्या दुरुस्तीइतक्याच गांभीर्याने घ्यावी. बहुधा ते एखादा असा निर्णय सांगतील, जो कोणत्याही तक्त्यात नव्हता: बंद झालेले वाचनालय, पाडलेली इमारत, रद्द झालेली बसफेरी. तो कोणत्या वर्षी, कोणत्या समितीने घेतला हे कौन्सिलच्या इतिवृत्तांत शोधावे. ते न सापडल्यास माहिती अधिकाराखाली अर्ज करावा. स्कॉटलंडमध्ये त्यासाठी २००२ चा स्वतंत्र कायदा आहे आणि अर्जाला साधारणपणे वीस कामकाजी दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे.